ऊरपटावर कोरलेली नावे : बायबलमधील रत्नांविषयी वाचकांचे प्रश्न

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात महायाजक अहरोनाच्या याजकीय वस्त्रांचे वर्णन आहे. त्या वर्णनावर या सदरात लिहिले, तेव्हापासून रत्नांविषयी विचारणारी पत्रे येत आहेत. त्यांतील सात प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : महायाजकाच्या ऊरपटावरील बारा रत्ने ही इस्राएलाच्या बारा वंशांची प्रतीके होती, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणते रत्न कोणत्या वंशाचे आणि त्याचा आध्यात्मिक अर्थ काय, असा तक्ता देता येईल का? (वसई)

तक्त्याकडे वळण्यापूर्वी वचनात प्रत्यक्ष काय आहे ते पाहू. ऊरपट, म्हणजे महायाजकाच्या छातीवरचा पट, एक वीत लांब, एक वीत रुंद आणि दुहेरी होता. सोन्याची जर, निळे, जांभळे व किरमिजी सूत आणि कातलेले तलम ताग यांचे ते विणकाम होते. त्यावर तीन-तीन रत्नांच्या चार रांगा सोन्याच्या कोंदणात बसवायच्या होत्या आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एका मुलाचे नाव मुद्रेसारखे कोरायचे होते. शास्त्र येथे थांबते. कोणते नाव कोणत्या रत्नावर कोरले, हे निर्गमात नाही आणि एकोणचाळिसाव्या अध्यायात प्रत्यक्ष घडणावळीचे वर्णन पुन्हा येते तेथेही नाही.

तक्ते तयार झाले ते नंतर. ‘गणना’ या पुस्तकावरील यहुदी मिद्राशात, म्हणजे भाष्यग्रंथात, प्रत्येक वंशाच्या ध्वजाचा रंग त्याच्या रत्नावरून सांगितला आहे. रऊबेनाचा ध्वज लाल, कारण त्याचे रत्न ओदेम, म्हणजे लाल रंगाचे. जबुलूनाचा पांढरा आणि त्यावर गलबत. नफतालीचा फिक्या द्राक्षारसाच्या रंगाचा आणि त्यावर हरिणी. बन्यामिनाचा मात्र सर्व रंगांचा आणि त्यावर लांडगा. ही परंपरा सुंदर आहे आणि ती परंपरा म्हणूनच वाचावी. तिच्या आधारावर ‘अमुक रत्न म्हणजे अमुक सद्गुण’ असा ठाम सिद्धांत उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रत्नांचा अर्थ मला त्यांच्या रंगापेक्षा त्यांच्यावरील कोरीव अक्षरांत अधिक सापडतो. ऊरपटाखेरीज एफोद या याजकीय वस्त्राच्या दोन्ही खांदपट्ट्यांवर शोहाम नावाचे एकेक रत्न होते आणि त्या प्रत्येकावर सहा-सहा नावे जन्मक्रमाने कोरलेली होती. म्हणजे महायाजक तीच बारा नावे दोन ठिकाणी वाहत असे. खांद्यावर ती सर्व एकाच जातीच्या रत्नावर होती; तेथे थोरला-धाकटा एवढाच क्रम होता, मोलाचा भेद नव्हता. हृदयावर मात्र प्रत्येक नावाला त्याचे स्वतंत्र रत्न, स्वतंत्र रंग आणि स्वतंत्र कोंदण मिळाले होते. ही नावे कोणाची आहेत तेही आठवून पाहावे. रऊबेनाने ज्येष्ठत्वाचा हक्क गमावला होता. शिमोन व लेवी यांच्या क्रोधाला याकोबाने मरतेसमयी शाप दिला होता. दान, नफताली, गाद व आशेर हे दासींचे मुलगे होते. तरीही त्यांतील एकही नाव वगळलेले नाही आणि कोणाचे रत्न कोंदणाबाहेर ठेवलेले नाही.

‘मुद्रेसारखे कोरावे’ या शब्दांकडेही लक्ष द्यावे. मुद्रा म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाचा पुसला न जाणारा ठसा. इस्राएलातील मगिद्दो येथील उत्खननात 1904 मध्ये यास्फे रत्नाची एक मुद्रा सापडली होती. तिच्यावर गर्जणारा सिंह आणि ‘यराबामाचा सेवक शमा याची’ अशी अक्षरे होती. दगडावर नाव कोरणे त्या देशात किती परिचित होते, याचा तो ढळढळीत पुरावा आहे. तालमूद या प्राचीन यहुदी ग्रंथात याविषयी एक कथा आहे : ऊरपटाच्या रत्नांना छिन्नी लावायची नव्हती, म्हणून त्यांवर शाईने नावे लिहून त्यांना ‘शामीर’ ही कठीण दगडही उकलणारी अद्भुत वस्तू दाखवली गेली आणि उन्हाळ्यात अंजीर उकलावे तशी अक्षरे आपोआप उकलली, रत्नाचा कणही कमी झाला नाही. याच शामीराचा उल्लेख यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात वेगळ्या संदर्भात येतो. तेथे यहूदाचे पाप लोखंडी लेखणीने आणि शामीराच्या टोकाने लोकांच्या हृदयपटावर कोरले आहे, असे संदेष्टा म्हणतो. एकीकडे लोकांच्या हृदयावर कोरलेले पाप आणि दुसरीकडे याजकाच्या हृदयावर कोरलेली त्याच लोकांची नावे! ही दोन वचने मी नेहमी एकत्र वाचतो.

प्रश्न : मी रत्नपारखी आहे. मराठी बायबलमध्ये हिरा, इंद्रनील, गोमेद, पद्मराग अशी नावे वाचतो तेव्हा व्यवसायाच्या दृष्टीने मला ती जुळत नाहीत. ही खरोखर तीच रत्ने होती का? (पुणे)

आपली शंका रास्त आहे. प्राचीन काळी रत्ने रंगावरून, चकाकीवरून आणि ती ज्या देशातून येत त्यावरून ओळखली जात; रासायनिक घटकांवरून केलेली आजची वर्गवारी फार अलीकडची आहे. हिब्रूतील बारा नावांपैकी काहींची ओळख बऱ्यापैकी पटते, तर काहींविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ओदेम या शब्दाचा धातू ‘लाल’ या अर्थाचा आहे. आदाम आणि त्याला ज्या मातीतून घडवले ती ‘अदामा’ हे शब्दही त्याच कुळातले मानले जातात. ओदेम म्हणजे बहुधा आपला लाल अकीक. बाराव्या याश्फेसाठी आपल्याकडे नेमका शब्द नसल्यामुळे मराठी भाषांतरकारांनी ‘यास्फे’ हेच नाव स्वीकारले. ते मला योग्य वाटते.

हिऱ्याची गोष्ट वेगळी आहे. भाषांतरांत ‘याहलोम’साठी हिरा हा शब्द पुष्कळदा येतो, परंतु ऊरपटाच्या प्रत्येक रत्नावर नाव कोरायचे होते आणि हिऱ्यावर अक्षरे कोरणे त्या काळच्या कारागिरांच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय मोशेच्या काळात हिरे पश्चिम आशियात पोहोचल्याचा पुरावा नाही. म्हणून याहलोम हे कोरण्याजोगे दुसरे एखादे कठीण रत्न असावे.

सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती ‘सप्पीर’ या शब्दाची आहे. त्याचे भाषांतर इंद्रनील किंवा नीळ असे होते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे पारदर्शक नीलम उभा राहतो. परंतु पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी या नावाच्या रत्नात सोनेरी ठिपके चमकतात असे सांगतो आणि ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात सप्पीराबरोबर सोन्याच्या कणांचा उल्लेख आहे. नीलमात असे ठिपके नसतात. ते असतात लाजवर्दात. आज आपण ज्याला सोनमाखी म्हणतो त्या खनिजाचे ते कण होत. हा गडद निळा, अपारदर्शक दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरातून हजारो वर्षे मेसोपोटेमिया आणि मिसर देशांत जात असे. हे लक्षात घेतले की निर्गमच्या चोविसाव्या अध्यायातील दृश्य बदलून जाते. मोशे आणि इस्राएलाचे सत्तर वडील पर्वतावर चढतात, तेव्हा देवाच्या चरणांखाली त्यांना सप्पीराची फरसबंदी दिसते, आकाशासारखी निर्मळ. लाजवर्दाचा दगड हातात घेऊन पाहणाऱ्याला निळ्या रात्री विखुरलेले तारे आठवतात. जे आकाश माणसाच्या डोक्यावर आहे, ते देवाच्या पायांखालची जमीन आहे, असा त्या वचनाचा रोख आहे. यहेज्केलाला दिसलेले सिंहासनही याच रत्नाचे होते.

पद्मराग आणि गोमेद यांविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे. आपल्या रत्नशास्त्रात पद्मराग म्हणजे माणिक. मराठी भाषांतरात मात्र तो जांभळ्या स्फटिकासाठी योजलेला दिसतो. गोमेद आपल्याकडे मधाळ रंगाचा, तर शोहाम बहुधा थरांचा अकीक किंवा तत्सम दगड. या तफावतीबद्दल भाषांतरकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी मराठी वाचकाला मौल्यवान वाटतील असे शब्द निवडले. रत्नांचा व्यापार आणि त्यांची नावे मुळात देशोदेशी फिरलेलीच आहेत. ग्रीकमधील ‘बेरिल्लोस’ हे नाव प्राकृतातील ‘वेरुलिय’ म्हणजे वैडूर्य या शब्दावरून गेले. उलट संस्कृतातील ‘मरकत’ पश्चिमेकडून आला असावा आणि हिब्रू ‘बारेकेत’ हा त्याच्याच नात्यातला शब्द. ऊरपटावरील ‘पितदा’ या रत्नाच्या नावाचा संबंध संस्कृत ‘पीत’शी जोडला जातो, परंतु ईयोब पितदा कूश देशाची, म्हणजे मिसराच्या दक्षिणेची असल्याचे सांगतो, म्हणून त्या तर्कावर मी फार भार देणार नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभीही रत्नांचीच उपमा आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेल्या क्रिस्तपुराणात मराठीला हरळांमधील रत्नाची उपमा दिली आहे.

प्रश्न : माझ्या मुलाचे शिक्षण आणि नोकरी दोन्ही अडले आहे. नातेवाइकांच्या आग्रहावरून एका ज्योतिषाला पत्रिका दाखवली, तेव्हा त्यांनी नीलम घालायला सांगितला. मंडळीतील एका भगिनीने सांगितले की त्यापेक्षा जन्ममहिन्याचे ‘बायबलमधील रत्न’ घालावे, म्हणजे विश्वासाला बाध येणार नाही. काय करावे? (अहिल्यानगर)

आपल्या पत्रातील काळजी मी समजू शकतो. मुलाचे अडलेले पाहून आई-वडील दिसेल तो आधार धरतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

जन्ममहिन्याचे रत्न ही बायबलची शिकवण नाही. ऊरपटाची बारा रत्ने म्हणजे वर्षाचे बारा महिने किंवा बारा राशी, अशी तुलना पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस याने केली आहे; पण अमुक महिन्यात जन्मलेल्याने अमुक रत्न घालावे, असे तोही म्हणत नाही. आज दुकानांतून मिळणारी यादी प्रामुख्याने 1912 मध्ये अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलेली आहे आणि तिच्यात पुढे भर पडत गेली. 2002 मध्ये डिसेंबरसाठी टांझानाइट जोडला गेला, जो टांझानियात 1967 मध्ये प्रथम सापडला होता. अशा यादीला शास्त्रवचनाचा आधार कोठून असणार? म्हणून त्या भगिनींचा हेतू चांगला असला तरी त्यांचा सल्ला आणि ज्योतिषाचा सल्ला यांत, रत्नाकडून नशीब बदलण्याची अपेक्षा ठेवण्यापुरता, काही फरक नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहण्यास मनाई आहे आणि यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात संदेष्टा बाबेलला म्हणतो की, तुझ्या नक्षत्रे पाहणाऱ्यांना आता तुला वाचवू दे.

याहून मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. बायबलमध्ये देवाच्या आज्ञेने रत्ने धारण करणारा एकच माणूस ठळकपणे दिसतो आणि तो स्वतःच्या भाग्यासाठी ती धारण करत नाही. अहरोनाच्या छातीवर इतरांची नावे असत. शिवाय वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्र स्थानात प्रवेश करताना तो सोन्याची व रत्नांची वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे नेसत असे. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात तशी आज्ञा आहे. देवाच्या सर्वांत जवळ जाताना ज्याने ऊरपट काढून ठेवला, त्याच्या ऊरपटावरून आपण ताईत बनवू नये.

अंगठी आधीच विकत घेतली असेल तर ती नदीत टाकण्याची गरज नाही. तो एक सुंदर खडा आहे. दागिना म्हणून घालावा किंवा मोडून मुलाच्या शिक्षणाला लावावा. ती काढल्याने काही अनिष्ट होईल असे भय कोणी घातले असेल, तर त्या भयासाठी मात्र मुलासह बसून प्रार्थना करावी आणि आपल्या पाळकांशी मोकळेपणी बोलावे. मुलगा खचलेला, एकटा राहणारा असेल तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये.

प्रश्न : आमच्या सिनेगॉगमध्ये दरवर्षी हा ऊरपटाचा भाग वाचला जातो. उरीम व थुम्मीम हीदेखील रत्नेच होती का? ती उजळून उत्तर देत, असे आजोबा सांगत. (ठाणे)

उरीम व थुम्मीम ऊरपटाच्या आत ठेवायचे होते, एवढेच निर्गमात सांगितले आहे. त्यांचे स्वरूप, आकार किंवा द्रव्य सांगितलेले नाही. ऊरपट दुहेरी का होता, याचे उत्तरही बहुधा यातच आहे. ती एक पिशवी होती. त्यांच्याद्वारे देवाचा निर्णय विचारला जाई, म्हणून त्याला ‘न्यायाचा ऊरपट’ म्हटले आहे. यहोशवाने याजक एलाजाराकडून असा निर्णय घ्यावा, असे गणनेत सांगितले आहे आणि शौल राजाने विचारले तेव्हा त्याला उत्तर मिळाले नाही, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. ते चिठ्ठ्यांसारखे टाकले जात असावेत, हे मत मला अधिक संभवनीय वाटते.

आपल्या आजोबांची आठवण मात्र जुन्या परंपरेला धरूनच आहे. लढाईपूर्वी ऊरपटाची रत्ने तळपत आणि त्यावरून विजयाची खूण पटे. ते तळपणे स्वतःच्या काळापूर्वी दोनशे वर्षे बंद झाले, असे योसेफस लिहितो. तालमूदाच्या योमा या भागात चर्चा आहे की रत्नांवरील अक्षरे उठून दिसत आणि त्यांतून शब्द बने. कोणी शंका काढली की बारा नावांत हिब्रूतील सर्व अक्षरे येत नाहीत, मग प्रत्येक उत्तर कसे लिहिले जाई? त्यावर उत्तर आले की अब्राहाम, इसहाक व याकोब यांची नावे आणि ‘यशुरूनाचे (म्हणजे इस्राएलाचे) वंश’ हे शब्दही तेथे कोरलेले होते. देवाचा शब्द लोकांच्या आणि पूर्वजांच्या नावांच्या अक्षरांतूनच उमटतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात एदेन बागेत रत्नांनी मढलेला जो आहे तो सैतान का? आणि पवित्र नगरीची रत्ने प्रकटीकरणात बाबेलच्या वेश्येच्या अंगावरही कशी? (मडगाव)

त्या अध्यायातील विलाप सोर या बंदरनगरीच्या राजाला उद्देशून आहे आणि प्रथम तो तसाच वाचावा. त्यात सैतानाचे पतन पाहण्याची परंपरा ख्रिस्ती मंडळीत प्राचीन आहे, तिचा मी अनादर करत नाही. परंतु संदेष्ट्याचा आरोप स्पष्टपणे व्यापाराविषयी आहे. ‘तुझ्या व्यापाराच्या विपुलतेने तू जुलमाने भरलास’ या आशयाचे शब्द तेथे आहेत. आधीच्याच अध्यायात सोरच्या बाजारात कोणत्या देशातून कोणता माल येई याची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात रत्नेही आहेत.

राजाच्या अंगावरील रत्ने हिब्रू पाठात नऊ आहेत आणि ती सर्वच्या सर्व ऊरपटाच्या यादीतली आहेत. तिसऱ्या रांगेतील तीन तेवढी नाहीत. जुन्या ग्रीक भाषांतरात बारा पूर्ण केलेली दिसतात. म्हणजे हा राजा याजकाच्या वेषात उभा आहे. मात्र त्याच्या रत्नांवर कोणाचीही नावे नाहीत. ती त्याचे ‘आच्छादन’ आहेत, असे वचन म्हणते.

बाबेलच्या वेश्येविषयीही असेच आहे. सतराव्या अध्यायात ती सोने, मोलवान रत्ने व मोती यांनी शृंगारलेली आहे आणि अठराव्यात तिच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी येते. ती सोने, रुपे, रत्ने व मोत्ये यांपासून सुरू होते. मग तलम कापड, हस्तिदंत, मसाले, गहू, गुरे, घोडे, रथ असे होत होत शेवटी येतात ‘माणसांचे जीव’. प्रकटीकरणाचा लेखक योहान याने गुलामांचा व्यापार यादीच्या तळाशी ठेवला, तो त्या झगमगाटाची किंमत वाचकाला कळावी म्हणून, असे मला वाटते. रत्न तेच असते. ज्या यादीत ते मोजले जाते तिच्यात माणसाचे नाव आहे की भाव आहे, हे पाहावे लागते.

प्रश्न : प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातील नव्या यरुशलेमेच्या पायाच्या बारा रत्नांचे प्रत्येकी अर्थ सांगाल का? (नाशिक)

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत होता. इंग्लंडमधील बीड या आठव्या शतकातील संन्यासी विद्वानाने असे अर्थ दिले आहेत. त्याच्या मते यास्फे म्हणजे कधी न कोमेजणारा विश्वास, नीळ म्हणजे स्वर्गाची आशा, पाचू म्हणजे संकटातही तग धरणारी श्रद्धा, रक्तवर्ण सार्दी म्हणजे हुतात्म्यांचे रक्त आणि शेवटचा जांभळा स्फटिक म्हणजे नम्र अंतःकरणात सतत वसणारे स्वर्गाचे चिंतन. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, सायप्रसच्या सलमिस येथील बिशप एपिफानियस यांनी ऊरपटाच्या रत्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. चिंतनासाठी या अर्थांचा उपयोग जरूर करावा. अमुकच अर्थ योहानाला अभिप्रेत होता, असे सांगण्याइतका आधार त्यांना नाही. यादीचा क्रम राशिचक्राच्या उलट आहे, असाही एक सिद्धांत विसाव्या शतकात गाजला. परंतु रत्ने आणि राशी यांच्या प्राचीन जोड्या निश्चित नसल्यामुळे तो मला पटत नाही.

योहानाच्या दृष्टीपुढे काय होते ते शोधायचे तर यशयाचा चौपन्नावा अध्याय उघडावा. तेथे यरुशलेम ही वादळाने झोडपलेली, सांत्वन न पावलेली स्त्री आहे आणि देव तिला सांगतो की, मी तुझा पाया सप्पीराचा घालीन, तुझ्या वेशी तेजस्वी रत्नांच्या करीन. पाया हा घराचा कोणालाही न दिसणारा भाग असतो. तो मातीत जातो. ज्या नगरीचे पायेच उखडले गेले होते, तिला दिलेल्या वचनात सर्वांत मोलाची वस्तू पायात घातली जाते, हे मुद्दाम पाहण्याजोगे आहे. योहान ते वचन घेतो आणि त्याला ऊरपटाची जोड देतो : बारा पाये, बारा रत्ने आणि त्यांवर कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, बारा प्रेषितांची नावे. इस्राएलाच्या बारा वंशांची नावे वेशींवर आहेत. जे नाव एका याजकाच्या छातीवर वीतभर जागेत होते, ते आता नगराच्या तटावर आले आहे.

यास्फेचा धागा तेवढा वेगळा धरावा. चौथ्या अध्यायात राजासनावर बसलेला यास्फे व सार्दी यांसारखा दिसतो. एकविसाव्यात नगरीचे तेज यास्फेसारखे, तिचा तट यास्फेचा आणि पहिला पायाही यास्फेचा. राजासनावर जो आहे त्याचीच आभा नगरीने घेतली आहे. योहान हे रत्न स्फटिकासारखे स्वच्छ असल्याचे म्हणतो. आजचा यास्फे अपारदर्शक असतो. ग्रीकमध्ये त्या नावाखाली अर्धपारदर्शक रत्नेही येत असत.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. त्याच पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रमार्गांच्या वर्णनात पैठणहून गाड्यांत भरून, अत्यंत बिकट वाटांनी, अकीकासारखे थरांचे दगड भडोच बंदराला मोठ्या प्रमाणात जात असल्याची नोंद आहे. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत असे दगड तयार होतात. योहानाने पाचवा पाया म्हणून ज्याचे नाव घेतले तो सार्दोनुक्ष याच जातीचा. योहानाने ज्यांना उद्देशून लिहिले त्या आशियातील सात मंडळ्यांच्या लोकांनी बाजारात या जातीचे जे दगड पाहिले असतील, त्यांत गोदाकाठाहून निघालेले काही असणे सहज शक्य आहे.

वेशींच्या मोत्यांविषयीही थोडे लिहितो. प्रत्येक वेस एकेका मोत्याची आहे. शिंपल्याच्या वेदनेतून मोती घडतो, म्हणून ती ख्रिस्ताच्या दुःखाची खूण, असे प्रवचन आपण ऐकले असेल. वचन तसे म्हणत नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात मात्र एक व्यापारी एका मोत्यासाठी आपले सर्वस्व विकतो. त्या मोत्यातून आता सर्व राष्ट्रे ये-जा करतात आणि त्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत; रात्र तर तेथे नाहीच.

प्रश्न : प्रकटीकरण 2:17 मधील ‘पांढरा खडा’ हा हिरा आहे का? (सोलापूर)

नाही. तेथील ग्रीक शब्द मत देण्यासाठी किंवा मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गुळगुळीत खड्याचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल, आपण संतांविरुद्ध मत दिले असे सांगताना हाच शब्द वापरतो. न्यायसभेत निर्दोष ठरवण्यासाठी पांढरा खडा टाकण्याची रीत ग्रीक जगात होती. काही मेजवान्यांना प्रवेशासाठीही असे खडे दिले जात. पर्गमच्या मंडळीला लिहिलेल्या त्या पत्रात याच वचनात गुप्त मान्न्याचाही, म्हणजे स्वर्गीय अन्नाचाही, उल्लेख आहे, त्यामुळे मेजवानीचा अर्थ मला अधिक जवळचा वाटतो. खडा साधा आहे, बाजारात त्याला काहीच मोल नाही. परंतु त्यावर एक नवे नाव लिहिलेले आहे आणि ते नाव ज्याला तो खडा मिळतो त्याच्यावाचून कोणालाही ठाऊक नाही.